एका अटीचा माग

सोव्हिएत संघात निघणाऱ्या प्रायोगिक आणि सैद्धांतिक भौतिकीच्या नियतकालिकाचा १९५९ सालचा ३७वा खंड. त्यात ८८१व्या पानावर एक टिपण सुरू होते आणि पुढच्याच पानावर संपते. लेखक इगोर झ्यालोशिन्स्की. टिपणात प्रयोग केलेला नाही. सममितीचा हिशेब मांडला आहे. त्या हिशेबातून निघते ते असे : क्रोमियम ऑक्साईडचा स्फटिक नुसता विद्युतक्षेत्रात ठेवला, तरी तो चुंबकित होईल, आणि क्षेत्र दुप्पट केले तर हे चुंबकनही दुप्पट होईल.

आतून विद्युतरोधक पण पृष्ठभागावर वाहक असलेल्या टोपोलॉजिकल इन्सुलेटर नावाच्या पदार्थांच्या पृष्ठभागावर विद्युतक्षेत्रामुळे चुंबकत्व उपजते, ही गोष्ट आज २००८ पासून सांगायची रीत पडली आहे. मला ती रीत पटत नाही. २००८ चा शोधनिबंध मोठा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या मुळाशी जी अट आहे, तिचा माग त्याच्या कितीतरी मागे जातो. काळाची दिशा उलटी केली तर पदार्थ जसाच्या तसा राहतो की बदलतो, ही ती अट. तिचा माग छापील कागदांवरून बऱ्यापैकी नेटका लावता येतो. कागद जेवढे सांगतात तेवढेच इथे मांडायचे आहे. आणि नंतरच्या लेखकांनी जुन्या कागदांच्या तोंडी जे घातले, ते वेगळे काढायचे आहे.

तारेतून प्रवाह गेला की शेजारची चुंबकसूची हलते, हे १८२० पासून ठाऊक होते. तिथे विद्युतभार वाहत असतो. १८८८ साली विल्हेल्म रोंटगेन यांनी, क्ष-किरणांच्या सात वर्षे आधी, विद्युतक्षेत्रात ठेवलेली विद्युतरोधक तबकडी फिरवली आणि तिच्यापाशी चुंबकीय परिणाम दिसतो हे दाखवले. तिथेही काहीतरी हलत होते : अख्खी तबकडीच. प्रवाह नाही, हालचाल नाही, क्षेत्र बदलतही नाही, आणि तरी चुंबकत्व, ही कल्पना कागदावर येते ती १८९४ मध्ये, पिएर क्यूरी यांच्या लेखात.

फ्रेंच ‘जुर्नाल द फिझिक’च्या तिसऱ्या मालिकेच्या तिसऱ्या खंडात ३९३व्या पानापासून हा लेख आहे. विषय भौतिक घटनांमधली सममिती. विद्युतक्षेत्राची सममिती शंकूच्या कापलेल्या तुकड्यासारखी, म्हणजे ज्याला वरची बाजू आणि खालची बाजू आहे अशा वस्तूसारखी. चुंबकीय क्षेत्राची सममिती स्वतःभोवती फिरणाऱ्या नळकांड्यासारखी. ही दोन चित्रे क्यूरी यांनी तिथे दिली आणि ती इतकी चपखल आहेत की आजही वर्गात तशीच काढली जातात. याच लेखात, ज्याच्या रेणूंची रचना असममित आहे असा पदार्थ विद्युतक्षेत्रात ठेवल्यास चुंबकीय रीतीने ध्रुवित होऊ शकेल, अशी शक्यता त्यांनी नोंदवली.

पुढच्या काळातल्या पुष्कळ लेखांत ‘क्यूरींनी या परिणामाचे भाकीत केले’ असे वाक्य येते. मूळ मजकूर एवढे वजन पेलत नाही. तिथे पदार्थाचे नाव नाही. आणि मुख्य म्हणजे क्यूरींच्या सममितीत अवकाश आहे, काळ नाही. पदार्थ कसा फिरवला, आरशात कसा दिसला, याचा विचार आहे; काळ मागे फिरवला तर काय होईल, याचा नाही. नुसती असममित रचना पुरेशी असती, तर असे पदार्थ निसर्गात ढिगाने आहेत आणि हा परिणाम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सापडला असता. सापडला नाही. १९२० च्या दशकात तो शोधण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, पीटर डेबाय यांच्या एका छोट्या लेखात ‘मॅग्नेटो-इलेक्ट्रिक’ हा शब्द येतो. म्हणजे नाव १९२६ चे आणि ज्याला नाव दिले तो परिणाम हाती आला १९६० मध्ये. चौतीस वर्षे हा शब्द एका न सापडलेल्या गोष्टीचे नाव म्हणून वावरत होता.

अट पहिल्यांदा नीट मांडलेली दिसते ती लेव्ह लांडाऊ आणि येवगेनी लिफ्शित्झ यांच्या पाठ्यपुस्तकात. सलग माध्यमांच्या विद्युतगतिकीवरचा हा खंड रशियनमध्ये १९५७ साली निघाला. त्यात एका ठिकाणी ते दोन परिणामांचा उल्लेख करतात : दाबामुळे उपजणारे चुंबकत्व, आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रांमधले सरळ प्रमाणातले नाते. दोन्ही तत्त्वतः शक्य आहेत, पण ठरावीक चुंबकीय सममिती असलेल्या स्फटिकांतच. आणि आजवर ते कुठल्याही पदार्थात पाहिले गेलेले दिसत नाहीत म्हणून त्यांच्या तपशिलात आम्ही शिरत नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे.

‘चुंबकीय सममिती’ या दोन शब्दांत सगळे आहे. एखाद्या घटनेचे चित्रीकरण केले आणि चित्रफीत उलटी चालवली, असे समजा. जागच्या जागी बसलेले विद्युतभार उलट्या चित्रफितीतही जागच्या जागीच दिसतील, म्हणून विद्युतक्षेत्र तसेच राहील. पण चुंबकत्व भारांच्या फिरण्यातून येते; फिरणे उलटे झाले की चुंबकत्वाची दिशाही उलटी. आता समजा एका साध्या पदार्थात विद्युतक्षेत्राच्या प्रमाणात चुंबकत्व येते आहे. चित्रफीत उलटी चालवली तर क्षेत्र तेच, पदार्थ तोच, पण चुंबकत्व उलटे. एकाच कारणाचे एकमेकांविरुद्ध दोन परिणाम होऊ शकत नाहीत. म्हणून ते प्रमाण शून्यच असले पाहिजे. सुटका एकच : चित्रफीत उलटी चालवल्यावर पदार्थ स्वतःच बदलला पाहिजे. त्याच्या अंगात आधीपासून चुंबकीय रचना असली पाहिजे, जी काळ उलटल्यावर वेगळी दिसेल. १९२० च्या दशकातले प्रयोग का फसले, याचे उत्तर या अटीत आहे. साधनांचा दोष नव्हता, निवडलेले पदार्थच चुकीचे होते.

झ्यालोशिन्स्की यांनी लांडाऊ-लिफ्शित्झ यांच्या याच शेऱ्यावरून धागा उचलला आणि पदार्थाचे नाव सांगितले. क्रोमियम ऑक्साईड म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारी हिरवी भुकटी. धातूला चकाकी आणायच्या हिरव्या वडीतही तीच असते. तिच्या स्फटिकातले क्रोमियमचे अणू एकाआड एक उलट दिशेला चुंबकित असतात, हे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी १९५३ मध्ये न्यूट्रॉनच्या साहाय्याने दाखवले होते. अशा मांडणीला प्रतिलोहचुंबकी म्हणतात. एकूण बेरीज शून्य, म्हणून ही भुकटी लोहचुंबकाला चिकटत नाही; पण आतली मांडणी काळ उलटल्यावर बदलते. वर-खाली-वर-खाली असलेले खाली-वर-खाली-वर होते. अट पुरी होते.

वर्षभरात, त्याच नियतकालिकाच्या ३८व्या खंडात, ९८४व्या पानावर द. न. अस्त्रोव्ह यांचा लेख आला. त्यांनी क्रोमियम ऑक्साईडच्या स्फटिकाला विद्युतदाब दिला आणि उपजलेले चुंबकन मोजले. १९६१ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतून व्हिन्सेंट फोलेन, जॉर्ज रादो आणि स्टॅल्डर यांनी हा परिणाम स्फटिकाच्या वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा असतो हे दाखवले. त्याच वर्षी रादो आणि फोलेन यांनी उलटी बाजूही मोजली, म्हणजे चुंबकीय क्षेत्र देऊन विद्युत ध्रुवीकरण. क्यूरींच्या लेखाला तोवर सदुसष्ट वर्षे झाली होती.

रादो आणि फोलेन यांच्या त्या दुसऱ्या लेखाच्या शीर्षकाचा उत्तरार्ध लोक विसरतात. त्यात प्रतिलोहचुंबकी क्षेत्रखंडांच्या पुराव्याचा उल्लेख आहे. वर-खाली-वर-खाली आणि खाली-वर-खाली-वर या दोन मांडण्या ऊर्जेच्या दृष्टीने अगदी सारख्या. स्फटिक थंड होताना त्याचा काही भाग पहिली मांडणी घेतो, काही दुसरी. आणि दोन्हींत विद्युतक्षेत्रामुळे येणारे चुंबकत्व एकमेकांच्या विरुद्ध. दोन्ही सारख्याच प्रमाणात असतील तर हाती शून्य. १९६३ मध्ये रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतून श्त्रिकमन आणि ट्रेव्हेस यांनी दाखवले की सुट्या भुकटीतदेखील हा परिणाम मिळतो, मात्र ती थंड करताना विद्युत आणि चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे एकाच वेळी लावली पाहिजेत. एकट्या विद्युतक्षेत्राला या दोन मांडण्यांतला फरक कळत नाही, एकट्या चुंबकीय क्षेत्रालाही नाही. दोघांच्या गुणाकाराला कळतो. हा तपशील लक्षात ठेवावा. अठ्ठावन्न वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

क्रोमियम ऑक्साईडचा आकडा लहान आहे. सर्वांत अनुकूल तापमानालाही मीटरमागे सुमारे चार पिकोसेकंद, या क्षेत्रातल्या रूढ एककात. आणि ३४ अंश सेल्सिअसच्या सुमाराला त्याची चुंबकीय मांडणीच मोडते. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी उघड्यावर ठेवलेल्या स्फटिकात हा परिणाम उरणार नाही.

इथपर्यंतची कहाणी पदार्थाच्या पोटातली आहे. पृष्ठभागाकडे नेणारा धागा वेगळा, आणि तो काही काळ चक्क मनाई म्हणून छापलेला आहे. १९४८ मध्ये फिलिप्स कंपनीचे बर्नार्ड टेलेगेन यांनी ‘जायरेटर’ नावाच्या विद्युतघटकावर लिहिताना अशा माध्यमाची कल्पना केली, ज्यातल्या प्रत्येक कणाला विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही ध्रुव एकमेकांना जखडलेले आहेत. १९६२ मध्ये एव्हर्ट पोस्ट यांनी विद्युतचुंबकीच्या औपचारिक रचनेवरच्या पुस्तकात युक्तिवाद केला की पदार्थाच्या गुणधर्मांतला एक विशिष्ट अदिश भाग, सर्व दिशांना सारखाच असणारा, नेहमी शून्य धरला पाहिजे. पुढे याला ‘पोस्टची मर्यादा’ म्हणू लागले.

पोस्ट यांना असे का वाटले असावे, हे समजण्यासारखे आहे. हा भाग पदार्थभर एकसारखा असेल, तर मॅक्सवेलच्या समीकरणांतून तो गळून जातो. आत कुठेही त्याची खूण राहत नाही. जे कधीच दिसत नाही ते शून्य मानायला काय हरकत? हरकत एवढीच की पदार्थ कुठेतरी संपतो. जिथे तो संपून हवा सुरू होते, तिथे हा भाग एका किमतीवरून दुसऱ्या किमतीवर उडी घेतो, आणि ती उडी समीकरणांतून गळत नाही. पुढच्या सगळ्या कहाणीत पृष्ठभाग एवढा का गाजला, त्याचे कारण या एका उडीत आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ए’ या नियतकालिकात फ्रीडरिख हेल, युरी ओबुखॉव्ह, जाँ-पिएर रिव्हेरा आणि हान्स श्मिड यांचा लेख छापून आला. क्रोमियम ऑक्साईडवर आधी छापलेली मोजमापे त्यांनी पुन्हा बारकाईने वाचली आणि दाखवले की तो ‘शून्य’ भाग मुळात शून्य नाही. लहान आहे, पण आहे. नवा स्फटिक नाही, नवे उपकरण नाही. जुने आकडे नीट एकत्र ठेवले एवढेच. साधार इतिहास लिहिणाऱ्याला या लेखाबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटावा असा तो आहे. आणि योगायोग असा की त्याच महिन्यात, फेब्रुवारी २००८ मध्ये, ची शिआओलियांग, टेलर ह्यूजेस आणि झांग शौचेंग यांचा पूर्वमुद्रित मसुदा जाहीर झाला. हाच तो प्रसिद्ध शोधनिबंध.

पण त्याच्याही आधी १९८० च्या दशकातले तीन कागद आहेत, आणि त्यांना वगळून २००८ कडे उडी मारणे अन्यायाचे होईल. १९८५ मध्ये व्होल्कोव्ह आणि पंक्रातोव्ह यांनी हिशेब केला की ज्यांच्या ऊर्जापट्ट्यांचा क्रम एकमेकांच्या उलट आहे असे दोन अर्धवाहक एकमेकांना भिडले, तर त्यांच्या सांध्यावर वस्तुमान नसल्यासारखे वागणारे इलेक्ट्रॉन सापडतील. टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या पृष्ठभागाचे हेच तर वर्णन आहे, फक्त नाव नाही. १९८६ मध्ये फ्रॅडकिन, डगोटो आणि बोयानोव्स्की यांनी लेड टेल्युराइडच्या स्फटिकातल्या एका विशिष्ट सांध्यावर असेच चमत्कारिक विद्युतवर्तन होईल असे मांडले. आणि १९८७ मध्ये फ्रँक विल्चेक यांचा लेख आला.

विल्चेक मूलकणांच्या बाजूने आले होते. १९७८ मध्ये त्यांनी एका तर्कित कणाला धुण्याच्या एका साबणाच्या नावावरून ‘अ‍ॅक्सिऑन’ हे नाव दिले होते. त्या कणाच्या सिद्धांतात मॅक्सवेलच्या समीकरणांना एक जादा पद जोडले जाते : विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा गुणाकार, आणि त्याला गुणणारा एक कोन, थीटा. पोस्ट यांनी शून्य धरायला सांगितलेला अदिश भाग तो हाच. १९८७ च्या लेखात विल्चेक यांनी दाखवले की हा कोन जागेनुसार बदलत असेल, तर विद्युतक्षेत्रातून प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्रातून भार उपजतो. लेड टेल्युराइडच्या त्या सांध्याचे कोडे त्यांनी याच भाषेत उलगडले, आणि इतर घन पदार्थांतही असे काही घडेल का याचा अंदाज बांधला. हे सारे लेखाच्या सारांशातच लिहिलेले आहे. म्हणजे १९८७ मध्ये समीकरण होते, पृष्ठभागाची कल्पना होती, एक पदार्थही होता. नव्हती ती थीटाची किंमत पक्की करणारी गोष्ट.

ती गोष्ट २००६ च्या जुलैमध्ये आली, आणि इथे कागद वाचताना सावध राहावे लागते. त्रिमितीत टोपोलॉजिकल इन्सुलेटर असू शकतो हे तीन गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. छापील वर्षे पाहिली तर जोएल मूर आणि लिऑन बॅलंट्स यांचा लेख २००७ चा, फू लियांग, चार्ल्स केन आणि यूजीन मेली यांचाही २००७ चा, आणि राहुल रॉय यांचा थेट २००९ चा. नुसत्या त्या वर्षांवर विसंबणारा वाचक रॉय यांना मागून आलेला समजेल. पण पूर्वमुद्रितांच्या संग्रहातले क्रमांक बघा. घनद्रव्याच्या विभागात जुलै २००६ च्या नोंदींत मूर-बॅलंट्स ३१४वे, रॉय ५३१वे, फू-केन-मेली ६९९वे. तिन्ही एकाच महिन्यातले, आणि रॉय मधले. ‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’ हे नाव यांपैकी मूर आणि बॅलंट्स यांच्या लेखातून रूढ झाले. टोपोलॉजीला मराठीत संस्थितिविज्ञान असा शब्द आहे. पदार्थाच्या बाबतीत मात्र इंग्रजी नावच चालते, म्हणून इथेही तेच ठेवले आहे.

आता २००८ च्या निबंधाचे मोठेपण नेमके सांगता येईल. काळ उलटवला की थीटाचे चिन्ह बदलते. ज्या पदार्थाच्या पोटात चुंबकीय रचना नाही, त्यात थीटा आणि उणे थीटा सारखेच असले पाहिजेत. लांडाऊ-लिफ्शित्झ यांच्या अटीप्रमाणे मग थीटा शून्य. पण थीटा हा कोन आहे, आणि कोनाच्या बाबतीत दुसरीही एक किंमत चालते : १८० अंश. देवळाभोवती अर्धी प्रदक्षिणा उजवीकडून घातली काय आणि डावीकडून घातली काय, माणूस गाभाऱ्याच्या पाठीमागेच येऊन उभा राहतो. अधिक १८० आणि उणे १८० ही एकच जागा. साध्या विद्युतरोधकात थीटा शून्य, टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्ये १८० अंश. तिसरे काही नाही. पदार्थात थोडी अशुद्धी असली, स्फटिक थोडा ताणला गेला, तरी किंमत घसरत नाही, कारण घसरायला जागाच नाही. क्यूरींच्या काळापासून जो आकडा पदार्थागणिक बदलणारा मानला जात होता, तो इथे निसर्गाच्या स्थिरांकांनी ठरतो.

परिणाम डोळ्यांसमोर आणायचा तर अशा पदार्थाची एक वीट उभी धरा आणि तिच्या लांबीच्या दिशेने, खालून वर, विद्युतक्षेत्र लावा. विटेच्या चारही बाजूंवर क्षेत्र वरच्या दिशेला आहे. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचे वैशिष्ट्य असे की प्रवाह क्षेत्राच्या दिशेने न जाता त्याला काटकोनात, पृष्ठभागालगत आडवा वाहतो. म्हणजे समोरच्या बाजूवर डावीकडून उजवीकडे, मग कोपरा वळून उजव्या बाजूवर, मग मागे, मग डावीकडे. विटेभोवती प्रवाहाचे वेढे पडतात, जणू कोणी तांब्याची तार गुंडाळून कॉइल केली आहे. कॉइलच्या आत चुंबकीय क्षेत्र अक्षाच्या दिशेने असते. इथेही ते विद्युतक्षेत्राला समांतर. पृष्ठभागाची ही आडवी वाहकता इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक, याच्या बरोबर निम्मी. रोधात सांगायचे तर सुमारे ५१,६२६ ओहम.

पदार्थाच्या आत मिलिमीटरमागे हजार व्होल्ट एवढे क्षेत्र असेल, तर विटेच्या उंचीच्या दर मीटरमागे सुमारे १९ अँपिअर प्रवाह फिरेल आणि आतले चुंबकीय क्षेत्र सुमारे २४ मायक्रोटेस्ला होईल. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. क्रोमियम ऑक्साईडशी तुलना करायची तर त्याच्या चार पिकोसेकंदांसमोर टोपोलॉजिकल इन्सुलेटरचा आकडा २४.३. अँड्र्यू एसिन, जोएल मूर आणि डेव्हिड व्हँडरबिल्ट यांनी २००९ मध्ये कोणत्याही स्फटिकासाठी थीटा पोटातल्या इलेक्ट्रॉनांच्या रचनेवरून कसा काढायचा हे दाखवले, आणि जुना मॅग्नेटो-इलेक्ट्रिक परिणाम व नवा टोपोलॉजिकल परिणाम एकाच सूत्राखाली आले.

आणि इथेच जुनी अट परत येते. टोपोलॉजिकल इन्सुलेटरचा पृष्ठभाग, हात न लावता ठेवला तर, धातूसारखा वाहक असतो. असा पृष्ठभाग विद्युतक्षेत्राला आत शिरूच देत नाही. आडव्या प्रवाहाचा हा परिणाम हवा असेल, तर पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत फट पाडली पाहिजे. आणि ती फट काळाची सममिती मोडल्याशिवाय पडत नाही. म्हणून पृष्ठभागावर चुंबकीय पदार्थाचा थर द्यावा लागतो, किंवा त्यात क्रोमियमसारखे चुंबकीय अणू मिसळावे लागतात, किंवा बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावावे लागते. पोटात अट पुरी होत नाही, कातडीवर होते. २००८ च्या निबंधात हे स्पष्ट आहे, पण पुढच्या लोकप्रिय लेखांतून नेमकी हीच ओळ गळते आणि वाचकाला वाटते की विद्युतक्षेत्र लावले की चुंबकत्व आपोआप येते.

प्रयोगांचे कागद वाचताना शीर्षकांतले शब्द तोलून पाहिले पाहिजेत. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि रटगर्स या विद्यापीठांच्या गटाचा लेख आला. बिस्मथ सेलेनाइडच्या पातळ पापुद्र्यांतून टेराहर्ट्झ लहरी पाठवल्या, आणि त्यांच्या कंपनाची दिशा किती वळते ते मोजले. पाच टेस्लापेक्षा जास्त चुंबकीय क्षेत्रात हे वळणे ठरावीक पायऱ्यांनी होत होते. या निकालाला लेखक टोपोलॉजिकल मॅग्नेटो-इलेक्ट्रिक परिणामाचा ‘पुरावा’ म्हणतात. २०१७ मध्ये व्हिएन्ना आणि व्यूर्झबुर्ग इथल्या गटाने ताणलेल्या मर्क्युरी टेल्युराइडवर हेच केले. दोन्ही पृष्ठभाग ओलांडताना लहरींची दिशा जेवढी वळली तो कोन सूक्ष्मरचना स्थिरांकाएवढा निघाला, म्हणजे रेडियनचा एकशेसदतिसावा भाग, अंशात ०.४२ च्या आसपास. यांच्या शीर्षकात शब्द आहे ‘निरीक्षण’.

दोन्ही प्रयोग सुंदर आहेत. पण त्यांत नेमके मोजले गेले ते लहरींचे वळणे, आणि तेही बाहेरून लावलेल्या जोरदार चुंबकीय क्षेत्रात. अस्त्रोव्ह यांनी १९६० मध्ये केले तसे, विद्युतदाब देऊन पदार्थात उपजलेले चुंबकन सरळ मोजणे, हे या दोन लेखांत नाही. लहरींचे वळणे आणि चुंबकन यांचा गणिती संबंध पक्का आहे, म्हणून मी त्यांना पुरावा मानतो. निरीक्षण हा शब्द मात्र अस्त्रोव्ह यांच्या मोजमापासाठी राखून ठेवावा असे मला वाटते.

शब्दांचा हाच चढ पुढच्या दोन लेखांतही दिसतो. टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या वर एक आणि खाली एक चुंबकीय थर, आणि दोन्ही थर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला चुंबकित, अशा रचनेत बाहेरून चुंबकीय क्षेत्र नसतानाही परिणाम टिकायला हवा. विल्चेक यांच्या कणावरून या अवस्थेला अ‍ॅक्सिऑन इन्सुलेटर म्हणतात. २०१७ मध्ये जपानमधल्या मोगी आणि सहकाऱ्यांनी अशी रचना करून तिला शीर्षकात ‘अ‍ॅक्सिऑन इन्सुलेटरची उमेदवार’ म्हटले. २०१८ मध्ये शियाओ आणि सहकाऱ्यांनी एका बाजूला क्रोमियम, दुसऱ्या बाजूला व्हॅनेडियम घातलेली रचना केली. त्यांच्या शीर्षकात ती अवस्था ‘साकार’ झाली आहे.

मग निसर्गानेच रचलेले थर सापडले. मँगॅनीज, बिस्मथ आणि टेल्युरियम यांच्या एका संयुगात प्रत्येक थर स्वतः चुंबकित असतो आणि शेजारचा थर त्याच्या उलट. २०१९ मध्ये या संयुगाचे स्फटिक प्रतिलोहचुंबकी टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणून जाहीर झाले. सम संख्येचे थर घेतले की वरची आणि खालची बाजू आपोआप एकमेकींच्या विरुद्ध. पण क्रोमियम ऑक्साईडची जुनी अडचणही सोबत आली : वर-खाली-वर-खाली की खाली-वर-खाली-वर, हे ठरवायचे कसे? २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखात सहा थरांच्या, सुमारे आठ नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यावर हे करून दाखवले आहे. विद्युत आणि चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे एकाच वेळी लावायची. दोन्ही एका दिशेला असतील तर एक मांडणी मिळते, एकमेकांविरुद्ध असतील तर दुसरी. दोन्ही क्षेत्रे एकदम उलटी केली तर पहिलीच परत येते. रेहोवोतमध्ये १९६३ साली हिरवी भुकटी थंड करताना हेच केले होते.